स्पर्श झाला हे कोण सांगणार? : हुतूतूपासून मोबाइलच्या मैदानापर्यंत

विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींनी विचारलं, मोबाइलवरच्या मारामारीत कसली आली खिलाडूवृत्ती? उत्तर आपण इतिहासात शोधू, आणि सुरुवात मोबाइलपासून नव्हे, हुतूतूपासून करू.

शंभरेक वर्षांपूर्वी हुतूतू ठिकठिकाणी वेगळा खेळला जाई. संजीवनीत मेलेला गडी परत उठे. गामिनीत मेला तो मेला. अमरमध्ये बाद होऊन बाहेर कोणी जातच नसे, नुसते गुण मोजत. गावातल्या गावात नियम लिहून ठेवायची गरज नव्हती. भांडण सोडवणारी माणसं पारावर बसलेलीच असत. परगावचा संघ आला की मात्र पंचाईत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. हुतूतूचे नियम १९२३ मध्ये छापून आले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांनुसार स्पर्धा झाल्या. म्हणजे बघा, अनोळखी माणूस समोर उभा राहिला की नियम लिहावे लागतात.

पण एक गोष्ट छापून भागत नाही. चढाईत बोटाचं टोक लागलं की नाही, हे पंचाला दिसेलच असं नाही. ज्याला लागलं त्याला मात्र कळतं. चांगला गडी स्वतःच हात वर करतो आणि बाहेर जातो. जो करत नाही, तो रडीचा डाव खेळतो असं आपण लहानपणापासून म्हणतो. खेळातला प्रामाणिकपणा आणि खेळातली रीत, दोन्ही त्या एका वर केलेल्या हातात एकत्र असतात. हा मुद्दा जरा धरून ठेवा, पुढे लागेल.

आता आपला पट्टा. तो अनोळखी माणसांनीच घडला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, १९८२ मध्ये महापालिका, पुढे चाकणचे मोटारींचे कारखाने. लातूरचा, बुलढाण्याचा, बिहारचा मुलगा एका खोलीत राहतो आणि एका लाइनवर उभा राहतो. कंपनीच्या मैदानावर कबड्डी खेळताना ज्याला पकडीत आपटलं, त्याच्याच शेजारी दुसऱ्या पाळीला उभं राहायचं असे. ही सक्ती कुठल्याही नियमपुस्तकापेक्षा जास्त काम करी.

लोक बघत असले म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातल्या राक्षेवाडीचे शिवराज राक्षे दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ यांच्याशी गादी विभागाची अंतिम कुस्ती होती. पाठ टेकल्याचा निर्णय राक्षे यांना मान्य झाला नाही. त्यांनी पंचांना लाथ मारली आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर की चूक, हा वाद तालमीतालमीत झाला. तो आपण बाजूला ठेवू. आपल्याला एवढंच पाहायचं आहे की केलं ते गाव, तालीम आणि नाव असलेल्या माणसाने, आणि भोगलंही त्याच नावाने.

मोबाइलवर हे नावच गळून पडतं. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला, २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला, २०२२ मध्ये पुन्हा अडला, २०२३ मध्ये पुन्हा सुटला. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी उरेल तो जिंकतो. (जखमी साथीदाराला उठवताही येतं. आपली संजीवनीच की ही!) गोळी लागली की नाही, ते सर्व्हर ठरवतो. हात वर करायचा प्रसंगच येत नाही. हॅक वापरणारे आहेत, पण ती आधीपासून ठरवून केलेली लबाडी. ऐन क्षणी झालेला मोह नव्हे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे थांबावंसं वाटतं. लागलं ते लपवताच येत नसेल, तर कबूल केल्याचं श्रेय कुणाला द्यायचं?

मग खेळाडूच्या हाती उरते ती जीभ. माइक चालू असतो. बोलण्याचा हेल ऐकून कोणी विचारतं, ‘कुठला रे तू?’ आणि दोन मिनिटांत गोष्ट आई-बहिणीवर जाते. हाच मुलगा उद्या त्याच हेलाच्या माणसाशेजारी नट आवळणार असतो, पण रात्री ते आठवत नाही. तक्रारीचं बटण आहे, आणि ते वापरावंच. फक्त ते पंचाचं काम करतं. वस्तादाचं काम त्याला जमत नाही.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या पुस्तकात एक फरक केला आहे. लबाडी करणारा निदान खेळत असल्याचं ढोंग करतो. खेळ मोडणारा ते ढोंगही करत नाही, म्हणून मंडळी त्याच्यावर जास्त चिडतात. हरतोय असं दिसताच चौघांचा संघ सोडून पळणारा आपल्याला माहीत आहे. तो या दुसऱ्या जातीचा. उलट, कोरियात स्टारक्राफ्ट गाजत होता तेव्हा हरणारा बाहेर पडण्यापूर्वी ‘जीजी’ लिहून जाई, म्हणजे ‘खेळ छान झाला’. यंत्राने तसं सांगितलेलं नव्हतं. पोरांनीच रीत पाडली, आणि ती जगभर गेली. आमच्या मते या साऱ्या कहाणीतला हा सर्वांत आशेचा भाग आहे.

एक शेवटचं. आपल्या गल्लीत लहान भाऊ खेळायला आला की तो ‘कच्चं लिंबू’ असे. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो बाद व्हायचा नाही. मोबाइलवरही नवख्याची सोय केलेली असते: सुरुवातीच्या डावांत त्याच्यासमोर बरेचसे गडी यंत्रानेच चालवलेले असतात. सोय तीच, पण गल्लीत मोठ्या पोराला आपला जोर आवरावा लागे, आणि धाकट्याला ते दिसे. इथे तो जोर कुणीच आवरत नाही. पुढे खरी माणसं समोर आली की तोच नवखा ‘नूब’ म्हणून शिव्या खातो, आणि महिन्याभराने दुसऱ्याला देतो.

आता प्रश्न घेऊ. खेळणाऱ्या मुलांनी आधी विचारावेत, पालकांनी नंतर.