कॉम्प्युटर नावाची नोकरी

१८५०च्या आसपास कलकत्त्यात 'चीफ कॉम्प्युटर' या पदावर एक माणूस काम करत होता. नाव राधानाथ सिकदर. मी रोज नऊ-दहा तास कॉम्प्युटरसमोर बसतो, त्याच्यावरच पोट भरतो. पण हा शब्द कधीकाळी माणसाचा हुद्दा होता, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही कानावर पडलं नाही.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये. 'पुतारे' म्हणजे छाटणं, साफ करणं. त्यावरून हिशेब करणं आणि पुढे विचार करणं. (हात-पाय कापतात त्या 'अँप्युटेशन'मध्येही हाच 'पुतारे' आहे.) त्याला 'कॉम' जोडून झालं 'कॉम्पुतारे'. ते फ्रेंचमधून झिजत आलं तेव्हा इंग्रजीत 'काउंट' झालं, आणि न झिजता आलं तेव्हा 'कॉम्प्युट'. 'कॉम्प्युटर' हा शब्द इंग्रजी छापील पुस्तकात १६१३ साली सापडतो. अर्थ एकच : आकडेमोड करणारा माणूस.

अठराव्या शतकात या माणसांची गरज एकदम वाढली. समुद्रावर रेखांश काढायला चंद्राच्या स्थितीचे तक्ते लागत. ब्रिटनच्या 'नॉटिकल अल्मनॅक'साठी नेव्हिल मॅस्केलिनने देशभर कॉम्प्युटर नेमले. ते घरी बसून गणितं करायचे आणि टपालाने पाठवायचे. थोडक्यात, वर्क फ्रॉम होम. तेच गणित दोघांनी वेगवेगळं करायचं आणि तिसऱ्याने ताडून बघायचं, अशी पद्धत होती. एकदा दोघांनी एकमेकांचं उतरवल्याचं उघडकीला आलं आणि दोघांचीही कामं गेली. कोड रिव्ह्यू न वाचताच 'अप्रूव्ह' दाबणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

राधानाथ १८३१ साली, अठराव्या वर्षी, हिंदू कॉलेजातून 'ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे'त लागला. माणूस ताठ कण्याचा होता. १८४३ साली डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटने सर्व्हेच्या मजुरांना वेठीला धरून आपलं सामान वाहायला लावलं, तेव्हा त्याने ते सामान अडवून धरलं आणि त्यापायी २०० रुपये दंड भरला. पुढे तो कलकत्त्यात चीफ कॉम्प्युटर झाला.

त्याच्या टेबलावर आलेल्या कामांपैकी एक होतं हिमालयातल्या शिखरांच्या उंचीचं. 'पीक फिफ्टीन'ची मोजणी १८४९-५० मध्ये बिहारच्या मैदानातल्या सहा ठिकाणांहून झाली होती, दीडशेहून अधिक किलोमीटरवरून. इतक्या लांबून येणारा प्रकाशाचा किरण हवेतून वाकतो, पृथ्वीही वाकलेली, त्यामुळे प्रत्येक ठिकाणाहून उंची वेगळी येते. त्या सगळ्या चुका गणिताने छाटत जायचं ('पुतारे' इथे शब्दशः लागू पडतं). उत्तर आलं २९,००२ फूट. 'जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं!' असं ओरडत राधानाथ साहेबाच्या खोलीत धावला, अशी गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. असली गणितं एका सकाळी संपत नसतात. सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनीही आकडा जाहीर केला तो १८५६ मध्ये. गणितात राधानाथचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. शिखराला नाव मिळालं वॉ यांच्या आधीच्या सर्व्हेअर जनरलचं, जॉर्ज एव्हरेस्ट यांचं.

त्याची मला खंत वाटत नाही.  खटकतं ते दुसरंच. सर्व्हेच्या 'मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग'चा गणिती भाग बराचसा राधानाथचा होता आणि १८५१ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तसं स्पष्ट म्हटलं होतं. १८७०मध्ये तो वारला. १८७५च्या आवृत्तीत मजकूर राहिला, त्याचं नाव तेवढं गेलं. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्राने याला मेलेल्या माणसावरचा दरोडा म्हटलं.

हुद्दा मात्र पुढे बराच टिकला. ॲलन ट्युरिंगने १९३६ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात 'कॉम्प्युटर' लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूसच होता. दुसऱ्या महायुद्धात फिलाडेल्फियामध्ये तोफगोळ्यांचे मार्ग काढणाऱ्या तरुणींना कॉम्प्युटरच म्हणत. एका मार्गाला तीसेक तास लागायचे. एनिॲक यंत्राने ते काम अर्ध्या मिनिटावर आणलं. त्या यंत्राचे प्रोग्रॅम लिहायला याच कॉम्प्युटरांमधल्या सहा जणी निवडल्या गेल्या. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्राचं जाहीर प्रदर्शन झालं. दाखवलेला प्रोग्रॅम त्यांचा होता, कौतुकात मात्र त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. पुढच्या काही वर्षांत त्यांचा हुद्दाही यंत्राला चिकटला.

शाळेत 'संगणक' हा शब्द ओढूनताणून केलेला वाटायचा. पण त्यातला 'गणक' म्हणजे पूर्वी ग्रहगणित मांडून पंचांग करणारा जोशी. तोही माणूसच.