अहमदनगर जिल्हा विभाजनाची मागणी

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे दोन जिल्हे करावेत, ही अनेक दशकांची मागणी. १४ तालुके आणि सुमारे १७,००० चौ. किमी. असलेला हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा.

मागणीचे मूळ अंतरात आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातील शेतकऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयातील एका सुनावणीसाठी शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. पुढची तारीख पडली, की तोच फेरा पुन्हा. त्याचा मजुरीचा दिवस बुडतो, आणि ही तक्रार रास्तच आहे. दुसरे कारण पाणी. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांवर उत्तरेत प्रवरा खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत दुष्काळाशी झुंजत राहिले. त्यामुळे निधी दुसरीकडेच जातो, ही भावना दोन्ही भागांत रुजली.

घोडे अडते ते नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयावर. श्रीरामपूर, संगमनेर, शिर्डी तिघांचाही दावा आहे. श्रीरामपूरकडे वाहनांचा स्वतंत्र 'एमएच-१७' क्रमांक आहे, तर शिर्डीला २०२३ मध्ये अपर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झाले.

मग हा प्रश्न लोकांच्या मतदानाने सोडवता येईल का? गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रातील विलीनीकरणावर आणि ब्रिटनमध्ये २०१६ साली युरोपीय संघ सोडण्यावर लोकांनी मत दिले. जिल्ह्याच्या बाबतीत तसे मतदान होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जिल्हा विभाजनाचा अधिकार राज्य शासनाचा आहे.