टपावरची सायकल

मोटारीला सायकल लावण्याचे कॅरिअर हा शहरी हौसेचा विषय समजला जातो. एका वाहनावर दुसरे वाहन लादण्याचा प्रकार मात्र बारामती-फलटण रस्त्यावरील सांगवीसारख्या नीराकाठच्या गावांना मुळीच नवा नाही. म्हणून या वस्तूच्या निवडीकडे थोडे मागे जाऊन पाहावे, असे आम्हांस वाटते.

१८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि या पट्ट्यात ऊस आला. पुढे माळेगावचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेत, कारखाना, शाळा आणि बारामतीचा बाजार ही अंतरे पायी चालण्यास फार आणि गाडी जुंपण्यास थोडी. ही फट सायकलीने भरून काढली. १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियानाला हीरोचे कारखाने निघाले आणि सायकल साहेबाची वा मास्तरांची न राहता कुणाचीही झाली. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, दळणाचा डबा, मागे बायको आणि दांडीवर पोर एवढे सारे ती वाहत असे.

पण लांबच्या गावी तिला न्यायचे कसे? रेल्वेत ती ब्रेकव्हॅनमध्ये जाई. दौंड-बारामती ही अरुंदमापी रेल्वे त्या कामी होतीच. १ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर अशी एस.टी. प्रथम धावली आणि पुढे गावोगाव पोचलेल्या या गाडीच्या टपाने रेल्वेचे ते काम उचलले. मागच्या शिडीवरून एकाने चढावे, दुसऱ्याने खालून सायकल उचलून द्यावी, आणि वर ती टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधावी. वाहकाने लगेजचे तिकीट फाडले की काम झाले. कोकरांच्या पाट्या, आंब्याच्या करंड्या आणि सायकली यांचा तो शेजार ज्यांनी पाहिला, त्यांना हे वर्णन अपुरे वाटेल. आमच्या मते महाराष्ट्रातले सर्वांत लोकशाही सायकल-कॅरिअर तेच. त्याला मोटारीची मालकी लागत नसे. नव्या बांधणीच्या गाड्यांतून ते टप गेले, तेव्हा कोणी फारसे हळहळले नाही, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

मोटारींची गोष्ट निराळी. अ‍ॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या छपराला कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असे. लोखंडी कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत अडकवून बोल्ट आवळले की लग्नाच्या रुखवतापासून सायकलीपर्यंत काहीही वर चढे. पुढे छपराची जोडणी बदलली, पन्हळ गेली, आणि प्रत्येक मोटारीला तिचे खास पाय शोधण्याची वेळ आली. या व्यवसायातली आजची एक मोठी कंपनी, स्वीडनची थूले, १९४२ साली निघाली ती मासे धरण्याच्या सापळ्यांपासून. मोटारीच्या छपराकडे ती बऱ्याच नंतर वळली.

आता निवडीचे. छपरावरचे कॅरिअर मागचा रस्ता आणि डिकी मोकळी ठेवते. परंतु दीड मीटर उंचीच्या मोटारीवर उभी सायकल म्हणजे सुमारे अडीच मीटरचे प्रकरण. पुण्यातल्या तळघरी पार्किंगचे दार आणि रस्त्यावर झुकलेली वडाची फांदी यांना हा हिशोब ठाऊक नसतो. शिवाय पुष्कळ छोट्या मोटारींचे छप्पर ५० किलोच्या आसपासच भार सोसते. आपली काळी दणकट सायकल एकटीच २० किलोंची. ती खांद्यावर उचलणाऱ्याची कंबर हा वेगळा मुद्दा.

डिकीला पट्ट्यांनी बांधायचे कॅरिअर स्वस्त आणि घडी होणारे. त्याचे खरे वैरी म्हणजे गतिरोधक: दर वेळी पट्टी थोडी सैल होते, म्हणून दहा किलोमीटरांवर थांबून ती पुन्हा ओढावी. मागे स्टेपनी असलेल्या बोलेरोसारख्या गाडीला हा प्रकार बसत नाही, तेथे स्टेपनीवरच आवळायचा सांगाडा घ्यावा. मागे सायकल लावली की नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. ते दिसलेच पाहिजेत असा कायदा आहे. उसाच्या हंगामात, अंधारात, दिवे नसलेल्या ट्रॉल्यांमधून वाट काढताना आपणही दिवे झाकून जाणे यासारखा वेडेपणा नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. टांगण्याची बहुतेक कॅरिअरे वरची आडवी दांडी गृहीत धरतात. मुलींच्या सायकलीला ती नसते. वेगळा जोडदांडा विकत घ्यावा लागतो. म्हणजे गावातून शाळेला जाणारी सर्वांत कामाची सायकलच या शोधकांच्या डोळ्यांपुढे नव्हती. चाके खोबणीत उभी राहतील असा, गाडीच्या मागील हुकावर बसणारा पाळणा घेतला तर ही अडचण येत नाही आणि कार्बनची नाजूक चौकटही चिमट्यात दबेलच असे नाही. मात्र तो महाग, आणि हूक सर्व गाड्यांना नसतो.

सांगवीच्या माणसाला वर्षातून दोनदाच सायकल न्यायची असेल, तर आम्ही पट्ट्यांचेच कॅरिअर सुचवू. नाही तर शेजाऱ्याचा छोटा हत्ती पुण्याला निघालाच असेल. त्यात गोणपाटावर आडवी टाकून, ट्यूबच्या पट्टीने बांधलेली सायकल आजही बिनओरखड्याची पोचते.