शस्त्रक्रियोत्तर मर्दन

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची वेदना सौम्य व्हावी व त्यास झोप लागावी म्हणून जखमेपासून दूरच्या पाठ, मान, हात इ. भागांवर हाताने केलेले चोळणे, दाबणे, मळणे वा थोपटणे यास शस्त्रक्रियोत्तर मर्दन म्हणतात. मर्दन व शस्त्रकर्म या दोन्ही विद्या प्राचीन आहेत. मात्र शस्त्राने दिलेल्या वेदनेवर मर्दनाची योजना व तिची पद्धतशीर पारख या गोष्टी बऱ्याच अलीकडच्या होत.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मानंतर रुग्णास थंड पाण्याने धीर द्यावा, जखम सभोवार बोटाने दाबून काढ्याने धुवावी आणि शस्त्रजन्य वेदनेवर ज्येष्ठमधयुक्त कोमट तुपाचे सिंचन करावे, असे सांगितले आहे. मित्रांनी गोष्टी सांगून व्रणिताची वेदना विसरावयास लावावी, हा सल्लाही तेथेच आढळतो. व्रणाच्या साठ उपक्रमांत अभ्यंगाचा समावेश असून, कठीण व मंद वेदनेच्या सुजेवर तेल लावून व शेकून ती बांबूच्या नळीने, तळहाताने वा अंगठ्याने हळूहळू चोळण्याची ‘विम्लापन’ नावाची क्रियाही वर्णिली आहे. हे उपचार मुख्यत्वे सूज जिरविण्यासाठी होत. झोपेचा विचार वेगळ्या ठिकाणी येतो : चरकसंहितेत निद्रानाशावरील उपायांत अभ्यंग व संवाहन (अंग चेपणे) यांची गणना आहे, तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नित्य अभ्यंगाच्या फळांमध्ये झोपेचा निर्देश आहे. अजीर्णात व वमनादी शोधनानंतर अभ्यंग करू नये, असा निषेधही वाग्भटाने सांगितला आहे. या ग्रंथावरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचली. मंदिरांच्या बांधणीमुळे व मोडी लिपीच्या आख्यायिकेमुळे महाराष्ट्रास परिचित असलेल्या या पुरुषाचे वैद्यकातील कार्य मात्र सर्वसाधारण वाचकास फारसे ठाऊक नसते.

यूरोपात पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची संस्था स्थापून मर्दनास शिस्तबद्ध शिक्षणाची जोड दिली. पुढे अ‍ॅम्स्टरडॅमचा वैद्य योहान मेट्सगर याच्या परंपरेतून मर्दनाच्या प्रकारांची वर्गवारी रूढ झाली. फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञ ल्यूका-शांप्यॉन्येअर याने अस्थिभंगात अवयव दीर्घकाळ जखडून ठेवण्याऐवजी मर्दन व हालचाल यांचा पुरस्कार केला. तथापि मालिशगृहांविषयी लोकांत संशय होता. लंडनमध्ये १८९४ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक व्यवहारांवर टीका केली, आणि त्याच वर्षी चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था स्थापन केली. आजच्या भौतिकी चिकित्सेच्या व्यवसायाचा ब्रिटनमधील उगम या संस्थेत आहे. भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२–५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकी चिकित्सेचे शिक्षण सुरू झाले. त्यास निमित्त पोलिओचे होते.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास पूर्वी कित्येक दिवस अंथरुणावर ठेवीत. त्या काळात परिचारिकेने संध्याकाळी त्याची पाठ पुसून चोळणे हा शुश्रूषेचा नेहमीचा भाग होता. शय्याव्रण होऊ नयेत हा त्याचा प्रमुख हेतू असे. पाठ चोळल्यावर रुग्ण शांत झोपतो, हा अनुभव परिचारिकांना होताच, पण त्याची मोजदाद कोणी ठेवीत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुग्णास लवकर उठवून चालविण्याचा प्रघात पडला, वेदनाशामक व झोपेची औषधे सुलभ झाली, परिचारिकांच्या इतर कामांचा भार वाढला, आणि ही प्रथा अनेक देशांत मागे पडली. हाडाच्या उंचवट्यांवर जोराने चोळल्यास त्वचेस उलट अपाय होतो, असेही पुढे ध्यानात आले.

विस्मृतीत जात असलेल्या या प्रथेची कसोटी नंतर लागली. रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार स्पर्श व दाब यांच्या संवेदना वाहणाऱ्या जाड तंत्रिकातंतूंमुळे मेरुरज्जूतील वेदनेचा संदेश अंशतः अडविला जातो. सिद्धांताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. ठेच लागताच माणूस ती जागा का चोळतो, याचे उत्तर मात्र त्यात मिळते. अमेरिकेत छातीच्या वा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ६०५ माजी सैनिकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास नेहमीचे उपचार, दुसऱ्यास त्यांशिवाय रोज वीस मिनिटे कोणाची तरी सोबत, व तिसऱ्यास तितकाच वेळ संध्याकाळी पाठीचे मर्दन, अशी पाच दिवसांपर्यंत योजना होती. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत मर्दनगटातील वेदना व चिंता मर्दनानंतर तात्पुरत्या घटल्या, आणि पहिल्या चार दिवसांत वेदना अधिक वेगाने कमी झाली. परंतु अफूजन्य औषधांची मात्रा व रुग्णालयातील मुक्काम यांत फरक पडला नाही. मर्दन औषधाची जागा घेते, हा दावा त्यामुळे टिकत नाही. हृदयाच्या रोहिणीवरील शस्त्रक्रियेनंतर केलेल्या एका ब्राझीलियन अभ्यासात (२०१०) तीन रात्रींच्या मर्दनाने झोप सुधारल्याचे आढळले. त्यातील रुग्णांची संख्या मात्र लहान होती.

महाराष्ट्रात हे काम बहुधा घरच्या माणसांच्या हातीच असते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील ‘घाटी’ किंवा चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटेशेजारी बसलेला नातेवाईक रात्री रुग्णाचे पाय चेपताना दिसतो. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीस घरी नेल्यावर मालिशवाली बाई बोलाविली जाते. ती जाणती असेल, तर जखम भरेपर्यंत पोटास हात लावीत नाही. पायांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पोटरीच्या खोल नीलांत रक्ताची गुठळी होऊ शकते, व ती सुटून फुप्फुसात अडकल्यास मृत्यूही ओढवतो. एकच पाय सुजला, दुखू लागला वा गरम लागला, तर तो चेपू नये, चोळू नये. तो तात्काळ डॉक्टरांस दाखवावा.