मटका व यादृच्छिक आकडे

मटका : एका अंकावर वा अंकांच्या जोडीवर पैसे लावून खेळला जाणारा, मुंबईत उगम पावलेला व पुण्यासारख्या शहरांतूनही पसरलेला जुगार. आकडा कोठून येतो व तो कोणाच्या हाती असतो, हा या खेळातील कळीचा प्रश्न होय. प्रारंभी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांवर पैसे लावीत. हे भाव परदेशात ठरून दूरमुद्रकाने मुंबईस येत. त्यामुळे येथील सट्टेवाल्यास त्यांत ढवळाढवळ करण्यास वाव नव्हता. १९६१ मध्ये ही सोय संपली. त्यानंतर कल्याणजी भगत (१९६२) व रतन खत्री (१९६४) यांच्या मटक्यांत आकडा येथेच निघू लागला. प्रथम मडक्यातील चिठ्ठ्यांतून, पुढे पत्त्यांतून. नाव मात्र मडक्याचेच राहिले.

तीन पानांच्या बेरजेतील एकंस्थानचा अंक हा निकाल होय. चित्रे वगळून उरलेली चाळीस पाने नीट पिसली असता प्रत्येक अंकाची संभाव्यता नेमकी एकदशांश येते. प्रत्येक पानाची किंमत एकाने वाढविली (दहानंतर पुन्हा एक), तर निकाल तीनने सरकतो आणि असे सरकत दहाही अंक येऊन जातात. म्हणून कोणत्याच अंकास झुकते माप मिळत नाही. रुपयास नऊ रुपये भाव धरल्यास चालकास सरासरीने रुपयामागे दहा पैसे उरतात. मात्र पैसे आधी लागतात व पाने नंतर निघतात. कोणत्या अंकावर कमी रक्कम आहे हे चालकास ठाऊक असते. तेव्हा लबाडीस जागा आहे ती पाने काढण्यात, गणितात नव्हे. पाने लोकांसमक्ष उघडण्यास महत्त्व आले ते यामुळेच.

इलेक्ट्रॉनिक जुगारयंत्रात ही समक्षता उरत नाही. तेथील आकडे बहुधा एका बीजसंख्येपासून ठराविक सूत्राने काढलेले, म्हणजे छद्मयादृच्छिक असतात. सूत्र व बीज जाणणाऱ्यास पुढील आकडा आधीच कळतो. अमेरिकेत एडी टिप्टन या लॉटरी संस्थेतील कर्मचाऱ्याने सोडतीच्या आज्ञावलीत विशिष्ट दिवशी आकडे ओळखता येतील असा फेरफार केला होता. २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

भारतात १९९८ च्या लॉटरी (विनियमन) अधिनियमाने एकेरी अंकावरील बक्षिसे निषिद्ध ठरविली. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील जुगारयंत्रांना मुभा मिळाली. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो अधिनियम मात्र कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द झाला.