महाविद्यालयीन विद्यार्थी व व्यायाम : बीड जिल्हा

महाविद्यालयीन वयातील तरुणांचा नियमित व्यायामाशी असलेला संबंध व त्यात येणारे अडथळे यांचा विचार बीड जिल्ह्यापुरता करताना तेथील शिक्षणाचा इतिहास आणि शेतीची स्थिती या दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम शारीरिक श्रमाची शिफारस केली. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेसे शारीरिक श्रम करीत नाहीत व स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक आहे. अशा निकषांत मिनिटे मोजली जातात. श्रम आवडीने झाले की पोटासाठी, हे मात्र त्यांतून कळत नाही. बीडमध्ये हा भेद महत्त्वाचा ठरतो.

बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. मुंबई इलाख्यात व वऱ्हाडात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघटित व्यायामाची परंपरा रुजली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) व कांदिवली येथील शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था (१९३८) ही तिची ठळक उदाहरणे होत. निजामी राजवटीत खासगी शाळांप्रमाणे आखाड्यांवरही परवानगीचे निर्बंध होते, कारण तालमीत जमणाऱ्या तरुणांकडे संशयाने पाहिले जाई. जत्रेतील कुस्ती व गावोगावच्या तालमी टिकल्या. परंतु शिक्षणसंस्थांशी त्यांचा सांधा जुळला नाही. उच्च शिक्षणासाठी तर विद्यार्थ्यास जिल्ह्याबाहेरच जावे लागे.

१९५८ मध्ये औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर बीड, अंबाजोगाई, परळी इ. ठिकाणी उच्च शिक्षणाचा विस्तार झाला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) शारीरिक शिक्षण सर्व विद्यार्थ्यांना आवश्यक मानले होते. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती ऐच्छिक करण्यात आली. सक्तीची कवायत संपली, पण तिच्या जागी सर्वसामान्य विद्यार्थ्यासाठी दुसरे काही उभे राहिले नाही. महाविद्यालयीन क्रीडाविभागाचे काम प्रामुख्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ निवडण्याचे राहिले. निवडलेले मोजके खेळाडू खेळतात व उरलेले पाहतात, हा या पद्धतीतील मोठा दोष होय.

स्थानिक अडथळे बहुतांशी वेळेचे आहेत. खेड्यातून एस. टी. ने येणारा विद्यार्थी तासिका संपताच परतीची गाडी धरतो. सरावाची वेळ सकाळी लवकर किंवा सायंकाळी असल्याने मैदान असूनही त्याच्या उपयोगी पडत नाही. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेचा असून येथून दरवर्षी फार मोठ्या संख्येने ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे, म्हणजे एक ‘कोयता’, दिवाळीच्या सुमारास घर सोडते व उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. महाविद्यालयीन वर्ष ऐन भरात असते ते याच काळात. मागे राहिलेल्या मुलावर किंवा मुलीवर म्हातारी माणसे, धाकटी भावंडे व जनावरे यांचा भार पडतो. काही विद्यार्थी स्वतःच फडात उतरतात. अशा विद्यार्थ्यास आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. दिवसभर राबलेल्या शरीराला वेगळा व्यायाम कशाला, ही घरातील समजूतही त्यामुळे पक्की होते. याउलट शहरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी अभ्यासिकेतील खुर्चीवरच दिवस काढतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत पाणी भरणे, स्वयंपाक, रस्त्याची असुरक्षितता, पोशाखावरील बंधने व लवकर होणारे विवाह यांची भर पडते. १९७२ च्या व २०१५–१६ च्या दुष्काळांसारख्या काळात तर पाण्याच्या शोधापुढे इतर सर्व गोष्टी मागे पडल्या.

तरीही पहाटे रस्त्यांवर धावणाऱ्या तरुणांचे घोळके येथे दिसतात. त्यांचे उद्दिष्ट सामान्यतः पोलीस किंवा सैन्य भरती हे असते. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मी. व स्त्रियांना ८०० मी. धावावे लागते. ज्या घरात मुलीने केवळ व्यायामासाठी धावणे खपत नाही, तेथे भरतीसाठी धावणे खपते, ही जमेची बाजू होय. पण वयोमर्यादा उलटली, की धावणेही बहुधा सुटते.

आष्टी तालुक्यातील मांडवा येथील अविनाश साबळे (जन्म १९९४) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. शाळेसाठी रोज काही किमी. अंतर चालत-धावत कापणारे साबळे बारावीनंतर सैन्यात दाखल झाले आणि धावण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण त्यांना तेथेच मिळाले. ३,००० मी. स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत रौप्यपदक (२०२२) व हांगजोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक (२०२३) मिळविले. जिल्ह्यातील या सर्वांत नामवंत धावपटूच्या जडणघडणीत विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेला स्थान नव्हते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्रीडा, योग, राष्ट्रीय छात्रसेना इत्यादींना सहपाठ्यक्रम म्हणून श्रेयांक देण्यात आले असून संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४–२५ पासून लागू झाली आहे. परतीच्या गाडीच्या वेळा मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत.