प्रोसेसर, कूलर आणि मधली फट



या मालिकेत आपण तोफा, पूल, किल्ले असे दांडगे विषय घेत आलो. आजचा विषय आकाराने वाटाण्याएवढा आहे. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर कूलर बसवण्याआधी मधे जी करडी किंवा पांढरी पेस्ट लावतात, ती थर्मल पेस्ट. मे महिना आला की बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, सगळीकडून तुमची तक्रार साधारण एकच असते: "साहेब, मशीन सकाळी बरं चालतं, दुपारी रखडतं. दुकानदार म्हणतो जुनं झालंय, नवीन घ्या." घ्या, पण त्याआधी ही हकिकत ऐका. कधीकधी भंगारात जाणाऱ्या मशीनचा खरा आजार दोन-तीनशे रुपयांच्या ट्यूबने बरा होण्यासारखा असतो.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाकू. पेस्ट म्हणजे थंडावा देणारं मलम, असं पुष्कळांना वाटतं आणि म्हणून ते पावावर लोणी लावावं तसा जाड थर देतात. पेस्ट थंड काहीच करत नाही. उलट धातूच्या तुलनेत ती उष्णतेची फार वाईट वाहक आहे. उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेचा आकडा वॉट प्रति मीटर केल्व्हिनमध्ये मोजतात. तांब्याचा हा आकडा ४००च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा २००च्या वर, आणि बऱ्यापैकी चांगल्या पेस्टचा ५ ते १०. रेडिओवाल्यांची जुनी पांढरी पेस्ट तर एकच्याही खाली. मग ती लावायची कशाला? कारण हवेचा आकडा आहे ०.०२६. पेस्ट ज्या जागेसाठी भांडते ती तांब्याची जागा नाही, हवेची आहे.

आता दोन गुळगुळीत धातूंच्या मधे हवा कुठून आली? याचं उत्तर केंब्रिजमध्ये मिळालं. फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर या दोघांनी १९३९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा विषय होता घर्षण. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते खरोखर किती टेकतात, हे त्यांनी त्यांच्यामधून वीज सोडून मोजलं. निष्कर्ष असा, की डोळ्यांना जे क्षेत्रफळ टेकलेलं दिसतं त्याचा अगदी नगण्य भाग प्रत्यक्षात टेकलेला असतो. भाजलेले दोन पापड एकमेकांवर ठेवून पाहा. चार-सहा फोड एकमेकांना लागतात, बाकी सगळी पोकळी. आरशासारखा घासलेला तांब्याचा तळही सूक्ष्म पातळीवर असाच पापड असतो. वर त्यावर दाब वाढवला तर टेकण्याच्या जागा वाढतात. हा दाबाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निबंध आला त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, आणि पेस्टचा दुसरा धागा तिथे सापडतो. विमानं उंचावर गेली की विरळ हवेत त्यांच्या इग्निशनच्या जोडणीतून वीज निसटायची, आणि ओलाव्यानेही घात व्हायचा. अमेरिकेत १९४३ साली डाऊ आणि कॉर्निंग या दोन कंपन्यांनी मिळून सिलिकोन बनवणारी कंपनी काढली. तिचं पहिलं उत्पादन म्हणजे या जोडण्या बंद करायला वापरायचं सिलिकोनचं ग्रीस. साधं ग्रीस गरम झालं की पातळ होऊन ओघळतं आणि थंडीत थिजतं. सिलिकोन दोन्हीकडे तग धरतं. युद्धानंतर ट्रान्झिस्टर आले, तापू लागले, तेव्हा याच घराण्यातल्या ग्रीसमध्ये झिंक ऑक्साइडची भुकटी कालवली गेली. सिलिकोन फटीत शिरायचं काम करतं आणि भुकटी उष्णता नेण्याचं.

ही पांढरी पेस्ट मी फौजेत वर्कशॉपमध्ये पुष्कळ पाहिली आहे. वायरलेस सेटच्या पॉवर ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची पातळ चकती असायची, म्हणजे वीज अडावी पण उष्णता जावी. चकतीच्या दोन्ही अंगांना पेस्टचा हलका हात. आमचे एक सुभेदार साहेब नव्या पोरांना सांगायचे की अभ्रक पेस्टमधून दिसलं पाहिजे. जैसलमेरच्या बाजूला उन्हात तापलेल्या गाडीत तो सेट दिवसभर चालायचा. त्या वाक्यात बाउडन आणि टेबर यांचं सगळं शास्त्र होतं, असं मला आजही वाटतं.

मोठ्या कॉम्प्युटरवाल्यांनीही हीच फट वेगळ्या रीतीने भरली. आयबीएमने १९८० साली ३०८१ नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यात तळहाताएवढ्या सिरॅमिकच्या तुकड्यावर शंभराहून अधिक चिप्स दाटीने बसवल्या होत्या. प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला अ‍ॅल्युमिनियमचा एकेक दट्ट्या, आणि उरलेल्या पोकळीत हवेऐवजी हेलियम भरलेला, कारण हेलियम हवेच्या सहापट उष्णता नेतो. वरून पाण्याने गार ठेवलेली पट्टी. म्हणजे खर्चाला तोटा नसलेल्या इंजिनियरांचाही शत्रू तोच, मधली हवा.

घरगुती कॉम्प्युटरला मात्र हे दुखणं उशिरा लागलं. ८०८६, २८६, ३८६ या चिप्स उघड्याच बसायच्या, वर कूलरच नसायचा. १९९२च्या ४८६ डीएक्स२च्या सुमारास धातूच्या पंख्या आणि छोटा पंखा दिसू लागला. १९९३चा पहिला पेंटियम साधारण १५ वॉट खायचा. २००४चा पेंटियम ४ शंभर वॉटच्या पुढे गेला. नखाएवढ्या जागेतून शंभर वॉट! इस्त्रीशी तुलना करून पाहा. इस्त्री हजार वॉट खाते, पण तिचा तळ केवढा असतो!

असं का झालं? १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवत गेलं, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षं या हिशेबावर उद्योग चालला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला होता की असंच चाललं तर चिपची उष्णतेची घनता अणुभट्टी आणि रॉकेटच्या नळकांड्याशी स्पर्धा करेल.

त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत काढली. चालू मशीनवरून कूलरच उचलायचा! पेंटियम ४ने वेग उतरवला आणि तो चालत राहिला. पेंटियम ३ जागीच थिजला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून काही सेकंदांत धूर निघाला. चित्रफितीवर तेव्हा बरेच वाद झाले. चालू मशीनवरून कूलर कोण काढतो, असा आक्षेप होता आणि तो रास्त होता. पण आज तुमचं मशीन दुपारी रखडतं त्याचं कारण तिथे दिसलं होतं. तापलेला प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी स्वतःच पाय ओढतो. जळत नाही, बंद पडत नाही, म्हणून आपण त्याला म्हातारा समजतो.

मे २००४ मध्ये इंटेलने तेजस हा पुढचा प्रोसेसर गुंडाळला. नाव आपल्या भाषेतलं, आणि घात झाला तो तेजानेच. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियमही रद्द झाला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर परिषदेत गमतीने गुडघे टेकून माफी मागितली. त्यानंतर वेग वाढवण्याऐवजी एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ कोअर घालण्याचं युग आलं.

एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिपच्या वर धातूचं झाकण असतं, म्हणजे खरं तर फटी दोन: चिप आणि झाकण यांच्यामधली, आणि झाकण आणि कूलर यांच्यामधली. आतली फट इंटेल आधी झाळून बंद करत असे. २०१२ साली आयव्ही ब्रिज आला आणि आत झाळण्याऐवजी पेस्ट निघाली. प्रोसेसर जास्त तापू लागले. हौशी लोकांनी ब्लेडने झाकणं उपटली आणि स्वस्त पेस्ट वापरली म्हणून कंपनीवर तोंडसुख घेतलं. पण काहींनी नीट मोजून दाखवलं की दोष पेस्टच्या जातीत कमी आणि झाकण चिकटवणाऱ्या डिंकाच्या जाडीत जास्त होता. डिंकामुळे झाकण थोडं वर राही. नुसता डिंक खरवडून झाकण खाली बसवलं तरी तापमान चांगलंच उतरे. महागड्या ट्यूबच्या मागे लागणाऱ्यांनी हे प्रकरण पाठ करावं. थर किती पातळ, हे आधी. ट्यूब कुठली, हे नंतर.

आता प्रत्यक्ष काम. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा. स्क्रू किंवा क्लिप सोडवून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. सरळ वर ओढू नका, विशेषतः एएमडीच्या पिनवाल्या प्रोसेसरवर. सुकलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून आणते आणि पिना वाकतात. दोन्ही अंगं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापूस नको, त्याचे तंतू मागे राहतात. झाकणाच्या मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा आणि बोटाने पसरवायच्या भानगडीत पडू नका. कूलरचा दाब ते काम करतो. लॅपटॉपमध्ये झाकण नसतं, चिप उघडी असते. तिथे मात्र पातळ थर कोपऱ्यांपर्यंत पसरवलेला बरा.

कूलर सरळ खाली टेकवा आणि स्क्रू जीपचं चाक बसवताना आवळतो तसे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी घट्ट केलीत तर दुसऱ्या बाजूला फट राहील. एकदा टेकवलेला कूलर उचलावा लागला, तर पुसून पुन्हा नवी पेस्ट घाला, कारण आत बुडबुडे अडकतात. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक असेल तर ते काढा, आणि कंपनीने पेस्ट आधीच लावून दिली असेल तर वर आणखी घालू नका. थोडी जास्त पडली तर साध्या पेस्टने बहुधा काही बिघडत नाही, कडेने बाहेर येते. कमी पडली तर कोपरा कोरडा राहतो. गॅलियमचं द्रव धातू मिळतं, त्याच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. ते वीज वाहतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा कूलर खाऊन टाकतं.

आणि हो, पेस्टला हात घालण्याआधी पंखा काढून खालच्या पट्ट्या पाहा. तिथे धुळीची गोधडी सापडली तर आधी ती झाडा. ग्वाल्हेर-नागपूरच्या ४५ अंशांत कूलरला आत ओढायला हवाच गरम मिळते, त्यात गोधडीतून ओढायची म्हणजे पंख्याने तरी काय करावं? पेस्ट बदलण्याआधी आणि नंतर एकाच वेळी, एकाच कामावर तापमान टिपून घ्या. सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडू नका. आणि ते आकडे मला कळवा, गावाचं नाव आणि खोलीचं तापमान यांसकट.